नर्स प्रॅक्टिशनर: काम रोजचं आहे, मग कागदावर नाव कुठे?

नाइट_ड्यूटी | १२ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. रात्रपाळी संपवून आत्ताच घरी आलेय. डोळे मिटतायत पण झोप लागत नाही, म्हणून लिहायला बसले. नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे डॉक्टर आणि नर्स यांच्या मधली पायरी, यावर धागा काढायचं कित्येक महिने मनात होतं.

मी बी.एस्सी. नर्सिंग. पुण्यातल्या खासगी रुग्णालयांत सात वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स होते. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यातच सापडले आणि पुढची दोन वर्षं कशी गेली ते पुणेकरांना मी सांगायला नको. पेशंटला पालथं झोपवणं, व्हेंटिलेटरवर कुठला आकडा कधी बदलायचा, मध्यरात्री घरच्यांना फोन करून काय आणि किती सांगायचं, हे सगळं आम्ही करता करता शिकलो. नंतर वाटलं, आता हे नीट, पायापासून शिकून घ्यावं. म्हणून भारतीय परिचर्या परिषदेचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा अभ्यासक्रम केला. दोन वर्षांचा, पदव्युत्तर, रेसिडेन्सी पद्धतीचा आहे. २०१६-१७ च्या सुमारास परिषदेने सुरू केला. वर्गात थोडा वेळ आणि खाटेपाशी बराच, असा तो चालतो. पेशंट तपासणं, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) वाचणं, औषधांचं शास्त्र, श्वासनलिकेत नळी घालणं, प्रोटोकॉलप्रमाणे तपासण्या सांगणं आणि उपचार सुरू करणं, सगळं त्यात येतं.

आता परवाच्या रात्रीचं सांगते. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरवर असलेले एक काका. पावणेतीनला प्रेशरचा अलार्म वाजला. पीक प्रेशर (श्वास आत ढकलताना लागणारा सर्वाधिक दाब) ४८, सॅच्युरेशन ९७ वरून ८४. मी व्हेंटिलेटर काढला आणि अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास द्यायला लागले. बॅग दगडासारखी लागत होती. अशा वेळी डोक्यात चार प्रश्न एका क्रमाने यायला हवेत: नळी सरकली का, नळी तुंबली का, फुप्फुसाबाहेर हवा साठली का, की मशीनच बिघडलं? मशीन काढूनही बॅग घट्ट, म्हणजे मशीन नव्हे. नळीचं मार्किंग ओठापाशी जागेवर, म्हणजे सरकलेली नाही. छातीत दोन्हीकडे हवा कमीच जात होती, पण सारखी. सक्शन कॅथेटर घातला तर अर्ध्यावर अडला. दुसऱ्या प्रयत्नाला सुपारीएवढा, रक्त मिसळलेला चिकट गोळा बाहेर आला आणि बॅग हाताला एकदम मऊ लागली. पीक प्रेशर २६. या सगळ्यात चारेक मिनिटं गेली असतील. तेवढ्यात दुसऱ्या सिस्टरने आयसीयूच्या सरांना फोन लावलाच होता. ते बिबवेवाडीत राहतात. आरएमओ (रुग्णालयातले निवासी डॉक्टर) खाली कॅज्युअल्टीत अपघाताची केस बघत होते.

वीस मिनिटांनी एबीजी काढला, सरांना फोनवर वाचून दाखवला, त्यांनी एक बदल सांगितला, तो मी केला. सगळं रीतसर. मग केस पेपर लिहायची वेळ आली. आमच्याकडे त्यात दोनच जागा आहेत, एक डॉक्टरांच्या नोंदीची आणि एक नर्सिंग नोंदीची. नर्सिंगच्या जागेत मी लिहायचं ते ‘सक्शन दिलं, डॉक्टरांना कळवलं’. काय झालं, का झालं, काय तपासलं, काय ठरवलं, हा भाग डॉक्टरांच्या जागेत आरएमओंनी लिहिला, मला विचारून. खाली सही त्यांची.

मला श्रेय नकोय, खरंच नकोय. पण उद्या त्याच काकांना काही झालं आणि कोणी विचारलं की त्या चार मिनिटांत निर्णय कोणी घेतला, तर कागद खोटं सांगणार. माझ्या नेमणुकीच्या पत्रावर आजही ‘सीनियर स्टाफ नर्स’ लिहिलंय, पगार त्याच श्रेणीचा. नर्स प्रॅक्टिशनर असं पदच रुग्णालयाच्या यादीत नाही.

पुण्यात, किंवा राज्यात कुठेही, डॉक्टर आणि नर्स यांच्या मधल्या या पायरीवर काम करणारे कोणी इथे आहेत का? तुमच्याकडे हे कसं चालतं? तुमचं नाव कागदावर कुठे असतं?

---

बीएस्सी_शेवटचं_वर्ष | १२ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

ताई, अंगावर काटा आला वाचताना. मी पुढच्या वर्षी पास होईन. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली तिकडे नोकरीला जायचं म्हणून जर्मन शिकतायत. घरचेही तेच म्हणतात. मला आयसीयू आवडतं आणि इथेच राहायचंय. हा कोर्स करावा का, एवढंच सांगा.

---

रेसिडेंट_कोथरूड | १२ ऑक्टोबर, दुपारी १.०५

सिस्टर, मी बीएएमएस आहे. नऊ वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी आरएमओ म्हणून काम करतोय. तुमच्या केस पेपरवर जी सही असते, ती माझ्यासारख्याचीच.

तुमचं म्हणणं मला लागलं, कारण ते खरं आहे. व्हेंटिलेटर मी आयसीयूतल्या सिस्टर लोकांकडून शिकलो. पहिल्या वर्षी एका मल्याळी सिस्टरने हाताला धरून नॉरअ‍ॅडचा (बीपी धरून ठेवणाऱ्या औषधाचा) पंप कसा बदलायचा ते शिकवलं. नवा पंप आधी चालू करून ठेवायचा, मगच जुना काढायचा, नाहीतर मधल्या सेकंदांत बीपी कोसळतं. आजही पंप बदलताना त्यांचा आवाज कानात येतो.

पण सहीची दुसरी बाजूही सांगतो. नातेवाईक चिडून काउंटरवर आले की आधी माझी कॉलर धरतात. पोलिसांत जबाब द्यायला मी जातो. रात्री एका माणसाकडे तीन मजले आणि कॅज्युअल्टी. जे मी पाहिलं नाही, त्याखाली सही करताना माझाही हात थरथरतो. तुमचं नाव कागदावर आलं तर माझं ओझं हलकं होईल. माझा विरोध नाही, उलट मला ते हवंच आहे.

---

नाइट_ड्यूटी | १२ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

डॉक्टर, मनापासून आभार. राग तुमच्यावर कधीच नव्हता. त्या रात्रीचे आमचे आरएमओसुद्धा खालून धावत वर आले होते, हातमोजे न काढता.

---

भूल_आणि_दक्षता | १२ ऑक्टोबर, रात्री १०.५०

मी भूलतज्ज्ञ आहे, सध्या दोन ठिकाणी आयसीयू बघतो. थोडं विरुद्ध बाजूने लिहितो, सिस्टरने वाईट वाटून घेऊ नये.

तुम्ही सांगितलेला प्रसंग तुम्ही उत्तम हाताळलात. कन्सल्टंट म्हणून मला अशीच माणसं हवीत. पण मी याच्या उलटही पाहिलंय. एका हुशार, अनुभवी नर्सने पहाटे बीपी पडतंय म्हणून नॉरअ‍ॅड वाढवत नेलं. आकडा सुधारत राहिला, त्यामुळे मला फोन केला नाही. सकाळी मी आलो तर पोट फुगलेलं, आतून रक्तस्राव चालू. तिने औषध चुकीचं दिलं नव्हतं. ते वाढवावं का लागतंय, हा प्रश्न विचारायचा राहून गेला. हीच चूक ज्युनियर डॉक्टरही करतात, मीही केली आहे. पण डॉक्टरने कुठे थांबून वरच्याला बोलवायचं, याची एक उतरंड शंभर वर्षांत तयार झाली आहे. तुमच्या पदाची तशी उतरंड अजून घडायची आहे.

म्हणून माझं मत असं की अधिकार द्यावेत, पण लेखी मर्यादेसह. अमुक मात्रेपर्यंत नॉरअ‍ॅड तुम्ही वाढवा, त्यापुढे फोन. पोटॅशियम इतकं खाली गेलं तर इतकं द्या, लघवी इतकी कमी झाली तर फोन. याला स्टँडिंग ऑर्डर म्हणतात आणि परिषदेच्या अभ्यासक्रमातही काम संस्थेच्या प्रोटोकॉलनुसार करायचं हेच गृहीत आहे. बहुतेक ठिकाणी हे प्रोटोकॉल तोंडी असतात. सगळा घोळ तिथे आहे. तोंडी आदेशावर कोणीही माणूस रात्री एकटा पडतो.

---

वकील_शिवाजीनगर | १३ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

कायद्याची बाजू थोडक्यात मांडते, कारण वर दोन गोष्टींची सरमिसळ होते आहे.

पहिली गोष्ट औषध लिहून देण्याची. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांप्रमाणे शेड्यूल एचचं औषध नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच विकता येतं. नर्स प्रॅक्टिशनरची पदवी मिळाली म्हणून नर्स त्या व्याख्येत येत नाही. राज्यातल्या आयुर्वेद पदवीधरांना त्यांच्या शिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधं वापरायची मुभा राज्याच्या कायद्याने दिली आहे, म्हणून आरएमओंची सही चालते. हा फरक शिक्षणाच्या तासांचा नाही, कायद्यात कोणाचं नाव घातलंय त्याचा आहे. आणि नाव नसेल तर काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात सांगितलंय. तिथे होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधं दिली होती. ज्या पद्धतीची नोंदणी नाही त्या पद्धतीने उपचार करणं हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा नको, असं न्यायालय म्हणालं.

दुसरी गोष्ट नोंदीची. तुम्ही केलेलं काम तुमच्या नावाने, वेळेसह, तुमच्या नोंदणी क्रमांकासह लिहायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. उलट न लिहिणं धोक्याचं. न्यायालयात केस पेपरच बोलतो, माणसं नंतर काय सांगतात त्याला फारसं वजन नसतं.

नव्या कायद्यांत थोडी वाट उघडली आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ला मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. प्राथमिक आणि प्रतिबंधक सेवेत ठरावीक औषधं स्वतंत्रपणे, बाकी ठिकाणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली. याच कलमावरून तेव्हा देशभर डॉक्टर संपावर गेले होते. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा आयोग कायद्यात फिजिशियन असोसिएटचा (फिजिशियन असिस्टंटचंच दुसरं नाव) समावेश आहे आणि २०२३ मध्ये परिचर्या व प्रसूतिविद्येसाठी नव्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. पद, कार्यकक्षा, अधिकार यांची मागणी करायची तर ती या आयोगांकडे करावी लागेल. एकेका रुग्णालयाशी भांडून पुरणार नाही.

---

शीर_काढणारा | १३ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

मी फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारा प्रशिक्षित सहायक, हृदयशस्त्रक्रिया विभागात. चार वर्षांचा बी.एस्सी. कोर्स, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. आपल्या देशात हा कोर्स १९९२ मध्ये चेन्नईला डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला, तोही हृदयशस्त्रक्रियेसाठीच. बायपासमध्ये सर छाती उघडतात तेव्हा त्याच वेळी मी पायातली शीर काढत असतो. शिरेच्या प्रत्येक फाट्याला टाके किंवा क्लिप लावायची, शीर ताणायची नाही, सुकू द्यायची नाही. शीर खराब झाली तर बायपास काही वर्षांत बंद पडू शकतो. गावाकडे ‘पीए’ म्हटलं की साहेबांचा स्वीय सहायक वाटतो. आई अजून शेजाऱ्यांना ‘ऑपरेशनला मदत करतो’ एवढंच सांगते. ऑपरेशन नोटमध्ये आमच्या सरांनी पहिल्या दिवसापासून माझं नाव टाकलं, ‘शीर काढली: अमुक’. एका ओळीने किती फरक पडतो, ते शब्दांत सांगता येत नाही.

---

तोरण्याखालची | १३ ऑक्टोबर, रात्री ९.१०

मी समुदाय आरोग्य अधिकारी, राजगड तालुक्यात, म्हणजे पूर्वीचा वेल्हे. शिक्षण बीएएमएस, त्यावर आरोग्य विद्यापीठाचा सहा महिन्यांचा कम्युनिटी हेल्थचा कोर्स. आमच्यात बी.एस्सी. नर्सिंग झालेल्याही आहेत. उपकेंद्राच्या पाटीवर आधी ‘आरोग्यवर्धिनी’ होतं, आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’. डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र असा हिशेब असतो, पण तीन हजार माणसं म्हणजे एक गाव नव्हे. चार खोऱ्यांत विखुरलेल्या वाड्या असतात.

ताई, तुमच्यापेक्षा माझी गोष्ट उलटी आहे. मला पद आहे, पाटी आहे, खुर्ची आहे. पण कंत्राटी. दरमहा २५ हजार ठरलेले आणि कामगिरीवर १५ हजारांपर्यंत, आणि ती कामगिरी पोर्टलवर किती नोंदी झाल्या यावर मोजली जाते. नोंदीला नेटवर्क लागतं. मी नोंदी भरायला संध्याकाळी धरणाच्या बाजूच्या चढावर जाऊन उभी राहते, तिथे दोन दांड्या मिळतात.

तरी काम मला आवडतं. एक आजोबा येतात. पहिल्यांदा आले तेव्हा बीपी १९०/११०. गोळ्या चालू आहेत का विचारलं, तर टॉवेलच्या टोकाची गाठ सोडून अर्धी पट्टी काढून दाखवली. ‘चक्कर आली की घेतो.’ चार महिन्यांपूर्वीची पट्टी होती. आमच्या एम.ओ. (वैद्यकीय अधिकारी) मॅडमना ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, जोडायला बघितलं, लागलं नाही, शेवटी साध्या फोनवर विचारलं. त्यांनी अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी ठरवून दिली. आता दर महिन्याला तीस गोळ्या मी देते, आणि आशाताई दर बुधवारी त्यांच्या पडवीत जाऊन पट्टीतल्या मोकळ्या जागा मोजून येते. मागच्या महिन्यात १४८/९०. आजोबांना आता तालुक्याला जायला एसटीची वाट बघत अख्खा दिवस घालवावा लागत नाही.

गोळी ठरवणार डॉक्टर, चालू ठेवणार मी, हे आमच्याकडे लिहिलेलं आहे. त्यामुळे भीती वाटत नाही. वर सरांनी लेखी मर्यादेचं म्हटलंय ते शंभर टक्के पटलं.

---

निवृत्त_सिस्टर | १४ ऑक्टोबर, सकाळी ६.५५

पोरींनो, मी तेहतीस वर्षं एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी सरकारी नर्स, होते, शेवटची काही आरोग्य सहायिका. जुन्नर तालुका. मोबाइलवर टाइप करायला वेळ लागतो, चुकभूल समजून घ्या.

आम्हाला सुरुवातीला शिकवलेलं एकच, बाळंतिणीला झटके आले की गाडी बघा आणि पाठवा. घाटातल्या वाडीवरून नारायणगावला पोचेस्तोवर काय व्हायचं ते व्हायचं. पुढे कुशल प्रसूतीचं ट्रेनिंग झालं आणि सरकारने लेखी परवानगी दिली की पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस एएनएमने द्यायचा. दहा ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच, खोल. ट्रेनिंगनंतर वर्ष झालं असेल. पहाटे एका झापावर बोलावणं आलं. पोरगी अठरा-एकोणीसची, पहिलटकरीण, दातखीळ बसलेली, सासू कांदा हुंगवत होती. चिमणीच्या उजेडात मी अँप्यूल फोडल्या. सुई मोठी, औषध दाट, दोन्हीकडे टोचेपर्यंत हात भरून आला. पण हात कापला नाही. पिशवीत ते सरकारी परिपत्रक घडी घालून ठेवलेलं होतं. कोणी विचारलं तर दाखवायला. पोरगी वाचली, बाळ मात्र नाही वाचलं.

नंतर ती मला माहेरच्या जत्रेत भेटली, कडेवर दुसरं मूल.

आमच्या हातात त्या आधीही सुई होतीच. देण्याची परवानगी नव्हती. तुमच्या मोठ्या हॉस्पिटलांतही तेच चाललंय हे वाचून जीव तुटला.

---

पेठकर | १४ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण आज्जींचं वाचून राहवलं नाही. माझे आजोबा एलसीपीएस होते, इथल्याच बी. जे. मेडिकल स्कूलमध्ये शिकलेले. तेव्हा ते ‘स्कूल’ होतं, कॉलेज झालं १९४६ मध्ये. एमबीबीएसपेक्षा लहान कोर्स केलेले असे लायसेन्शिएट डॉक्टर तेव्हा देशात पदवीधरांहून जास्त होते, आणि खेड्यांचा भार त्यांच्यावर होता. आजोबांनी बारामतीकडच्या एका बाजारगावात चाळीस वर्षं दवाखाना चालवला. त्याच १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला आणि यापुढे एकच प्रकारचा डॉक्टर, पदवीधर, असं ठरलं. हेतू चांगला होता. लोकांना दुय्यम दर्जाचे डॉक्टर मिळू नयेत. पण मधली पायरी काढली आणि वरच्या पायरीवरचे लोक खेड्यात गेले नाहीत. मग आपण ती पायरी निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा बांधतोय. डॉ. बंग दांपत्याने गडचिरोलीत गावच्याच बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते काम छापून आलं, नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं होतं. त्या बायका डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या.

---

डरहॅमकर | १४ ऑक्टोबर, रात्री ८.४५

मूळची सहकारनगरची, आता नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमला. इथे एका हृदयविभागात नर्स प्रॅक्टिशनर आहे.

इथे नर्स प्रॅक्टिशनर, फिजिशियन असिस्टंट, भूल देणाऱ्या नर्सेस, नर्स मिडवाइफ यांना मिळून ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस प्रोव्हायडर म्हणतात. दोन्ही मोठ्या शाखांची सुरुवात १९६५ ची. कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम काढला. त्याच वर्षी इथे डरहॅमला, ड्यूक विद्यापीठात, डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या चार कोअरमनना (नौदलातले वैद्यकीय मदतनीस) घेऊन फिजिशियन असिस्टंटचा वर्ग सुरू केला. त्यातले तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. म्हणजे इथेही हे साठ वर्षांचं भांडण आहे. आज निम्म्याहून जास्त राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरशी करार न करता स्वतंत्र काम करू शकते. आमच्या राज्यात मात्र अजून कराराशिवाय नाही. तो करार माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी काय लिहू शकते, कधी विचारायचं, कोणाला विचारायचं, सगळं त्यात आहे.

माझे पेशंट औषधाच्या दुकानातून बाटली आणतात, तिच्या लेबलवर माझं नाव छापलेलं असतं. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी पार्किंगमध्ये बसून आईला फोन केला होता.

ज्यांना इकडे यायचंय त्यांना एक गोष्ट आधीच सांगते. भारतातला नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स इथे त्या पदासाठी धरला जात नाही. आधी एनक्लेक्स ही परवाना परीक्षा देऊन आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, व्हावं लागतं, मग इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठातून मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा, मग राज्याचा परवाना. मला पुण्याहून निघाल्यापासून सात वर्षं लागली. एजंटने याहून सोपं काही सांगितलं तर त्याला पैसे देऊ नका.

---

लेक_धायरीची | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

मागच्या वर्षी बाबा अकरा दिवस आयसीयूत होते. सकाळी मोठे डॉक्टर पाच मिनिटं भेटायचे, सगळं इंग्रजीत. रात्री नऊला एक सिस्टर बाहेर यायच्या, बाकड्यावर आमच्या शेजारी बसायच्या आणि सांगायच्या, ‘आज मशीनचा आधार थोडा कमी केलाय, किडनीचे आकडे कालपेक्षा वाईट आहेत, उद्या डायलिसिसचं विचारतील, मनाची तयारी ठेवा.’ तसंच झालं. बाबा राहिले नाहीत, पण आम्हाला शेवटपर्यंत कोणी अंधारात ठेवलं नाही. त्या नर्स प्रॅक्टिशनर होत्या की आणखी कोण, माहीत नाही. बिलात त्यांचं नाव नव्हतं, डिस्चार्ज कार्डावरही नव्हतं. आभाराचं पत्र लिहायचं तर कोणाच्या नावाने लिहू, हे मला रिसेप्शनवर कोणी सांगू शकलं नाही.

---

नाइट_ड्यूटी | २ नोव्हेंबर, सकाळी १०.००

इतके दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. मध्ये दिवाळी होती आणि रजेवरच्या दोघींच्या पाळ्याही मीच केल्या.

सगळं प्रिंट काढून नेलं होतं. नर्सिंग सुपरिटेंडेंट मॅडमनी शांतपणे वाचलं, आज्जींच्या प्रतिसादापाशी चष्मा काढून डोळे पुसले. मग आम्ही दोघी आणि आयसीयूचे सर असे मिळून वैद्यकीय संचालकांकडे गेलो. नवं पद आणि पगाराची श्रेणी यावर उत्तर ‘व्यवस्थापनापुढे ठेवू’ असं मिळालं. ते मी धरून बसणार आहे, सोडणार नाही. पण दोन गोष्टी हाती आल्या.

एक म्हणजे लेखी स्टँडिंग ऑर्डर. सरांनी आणि मी मिळून तीन रविवारी बसून लिहिल्या, नऊ पानं. भूलतज्ज्ञ सरांची सूचना जशीच्या तशी घेतली आहे: नॉरअ‍ॅड ठरलेल्या मात्रेवर गेलं की बीपी कितीही छान दिसो, फोन करायचाच, आणि ‘का वाढवावं लागतंय’ या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीतच लिहायचं. या एका ओळीवरून आमचा सर्वांत जास्त वेळ वाद झाला. मला आधी तो अविश्वास वाटला होता. लिहिता लिहिता लक्षात आलं, मागच्या दोन महिन्यांत दोनदा मी स्वतः तो प्रश्न विचारला नव्हता. प्रत्येक पानावर सरांची सही आहे, दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलंय.

दुसरं म्हणजे आयसीयूच्या केस पेपरवर तिसरी जागा. वर लिहिलंय ‘नर्स प्रॅक्टिशनरची नोंद’, खाली नाव, महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि वेळ. औषधाच्या नव्या आदेशावर सही डॉक्टरांचीच, त्यात बदल नाही आणि वकील ताईंच्या प्रतिसादानंतर मी तो मागितलाही नाही.

धायरीच्या ताई, तुमचा प्रतिसाद सरांनी दोनदा वाचला. नातेवाइकांशी कोण बोललं, काय सांगितलं, हेही आता त्याच जागेत नावासह लिहायचं ठरलं आहे.

---

रेसिडेंट_कोथरूड | २ नोव्हेंबर, दुपारी २.१५

सिस्टर, ती नऊ पानं मिळतील का? पेशंटची माहिती नसलेली कोरी प्रत. आमच्याकडे दाखवतो.

---

नाइट_ड्यूटी | २ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४०

डॉक्टर, सरांची परवानगी घेऊन व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. फक्त तुमच्या आयसीयूच्या कन्सल्टंटनी स्वतः बसून मात्रा ठरवाव्यात. आमच्या तशाच उचलू नका, प्रत्येक ठिकाणचे पेशंट आणि माणूसबळ वेगळं असतं.

आणि बीएस्सी_शेवटचं_वर्ष, तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलंच होतं. कर, पण पास झाल्या झाल्या नको. किमान एक वर्षाचा अनुभव अटीतच मागतात आणि तो आयसीयूतला असेल तर फार उपयोग होतो. माझ्या मते दोन वर्षं तरी खाटेपाशी काढ. कॉलेज निवडताना परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत ते आहे का ते स्वतः बघ, जाहिरातीवर जाऊ नकोस. त्या कॉलेजच्या आयसीयूत किती खाटा आहेत आणि तुला शिकवायला इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचे तज्ज्ञ डॉक्टर) प्रत्यक्ष उभे राहतात की नुसती नावं आहेत, ते तिथल्याच मुलींना विचार. आणि नोकरी घेताना नेमणुकीच्या पत्रात पदाचं नाव काय लिहिलंय, ते सही करायच्या आधी वाच. मी वाचलं नव्हतं.

गुरुवारपर्यंत माझी रात्रपाळी आहे. त्यानंतर फोनवर बोलायचं असेल तर व्यनित नंबर टाक.